कानडीतली परदेशी

आमच्या दुकानात रंग जुळवायचं काम माझं होतं. पुढं जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. म्हैसूरच्या सय्याजीराव रोडवर अप्पांचं साड्या रंगवायचं दुकान होतं. खाली दुकान, मागं भट्टी आणि वर आम्ही. आमचे पूर्वज कधीतरी देशावरून रंगाची भांडी घेऊन इकडं आले. भांडी राहिली, भाषाही राहिली, फक्त भाषेला इथला रंग चढला. विटलेल्या रेशमी साड्या, एका बाजूनं उन्हानं उडालेले शालू, लेकीच्या लग्नासाठी स्वतःची साडी पुन्हा नवी करून मागणाऱ्या बायका, असं सगळं आमच्याकडं यायचं. अप्पा तांब्याच्या हंड्यात रंग उकळायचे, कापडाचा एक तुकडा बुडवून काढायचे आणि जिन्याखालून हाक मारायचे, "इंदू, डोळा लाव बा!" मी असेन तशी खाली धावायची. तुकडा घेऊन दारातल्या उन्हात उभं राहायचं, तो वाळू द्यायचा, मग गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी धरायचा. "ओला रंग खोटं बोलतो," अप्पा म्हणायचे. "वाळला की मग नोड." नोड म्हणजे बघ. आमच्या घरात निम्मी वाक्यं अशी मराठीत चढायची आणि कानडीत उतरायची. मी जुळला म्हटलं की जुळला. अप्पा आईला विचारत नसत, भट्टीवरच्या माणसांना विचारत नसत, मला विचारत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला याहून मोठं राज्य कशाला हवं?

या राज्यात नलू आली. नलिनी, माझी चुलतबहीण, वसंतकाकांची थोरली. काका तरुणपणीच नैरोबीला जाऊन शिंप्याचं दुकान काढून बसले होते. तिथं तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून पासपोर्ट मिळाला तो इंग्रजांचा. पुढं राज्य गेलं, नवं सरकार आलं, परक्यांच्या दुकानांचे परवाने बंद झाले. काका बिऱ्हाड बांधून इंग्लंडला निघाले, तर इंग्लंड म्हणालं, पासपोर्ट आमचाच आहे, पण आत यायचं तर रांगेत थांबा. रांग कुठं संपते ते कुणी सांगेना. तेव्हा काका, काकू, नलू आणि तिचा धाकटा भाऊ असे चौघं थांबायला आमच्याकडं आले. थांबता थांबता काही वर्षं गेली. शेवटी पाळी आली तेव्हा मद्रासच्या कचेरीतून कळवलं की नवरा-बायकोनं आणि धाकट्या मुलानं यावं, मुलगी मात्र आता वयाच्या अटीत बसत नाही. ती सज्ञान झाली, तिचं तिनं बघावं. रांगेत उभं राहताना लहान होती, रांगेतच मोठी झाली, आणि मोठी झाली म्हणून रांगेबाहेर गेली. मी तोपर्यंत मनातल्या मनात त्यांच्या जाण्याची तयारी केली होती. त्यांची खोली मला मिळणार होती. तिघं गेले आणि नलू राहिली. खोलीही तिलाच राहिली.

ते पत्र आलं त्या दिवशीचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आई चुलीपाशी सारू उकळत होती. आमटीला आम्ही सारू म्हणतो आणि आईच्या हातचं सारू पेठेत नावाजलेलं होतं. नलू दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, मला नाही नेत." आईच्या हातातली पळी खाली पडली. ती म्हणाली, "अय्यो, पाप ग पोर!" नलूचा चेहरा पांढराफटक. "मी काय पाप केलं, काकू?" आईला कळेचना ही काय विचारते आहे. कानडीत पाप म्हणजे बिचारी, आणि आम्ही तो शब्द दिवसातून दहादा कुत्र्यामांजरांनाही लावायचो. नलूची आई पुण्याकडची, त्यामुळं नैरोबीत जन्मूनही नलूचं मराठी आमच्यापेक्षा धुतलेलं. मी अर्थ सांगितला तेव्हा ती हसली आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आईनं तिला पदराखाली घेतलं. सारू उतू गेलं. ते मी उतरवलं, चटकाही मला बसला, आणि तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

मत्सर म्हणजे काय हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. तो कसा वाढतो तेही मी जवळून बघितलं आहे. पहिल्यांदा नलू अप्पांना 'मोठे अप्पा' म्हणायची. आमच्यात थोरल्या काकाला तसं म्हणतात, त्यात वावगं काही नव्हतं. वसंतकाका गेल्यावर हळूहळू तिनं 'मोठे' गाळलं आणि 'अप्पा' ठेवलं. मला वाटलं, अप्पा टोकतील. अप्पा वळून बघायचे आणि "काय ग पुट्टी?" म्हणायचे. पुट्टी म्हणजे छोटी. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. मग ती मरगेणसू, म्हणजे तो बाजारात मिळणारा लांबडा कंद, तळून वर तिखट आणि लिंबू घालायला लागली. नैरोबीला शाळेबाहेर असाच मिळायचा म्हणे. ज्या अप्पांनी जन्मात दहीभाताशिवाय रात्रीचं जेवण केलं नव्हतं, ते बशी पुढं करून "आणखी थोडं" म्हणू लागले. मीही खाल्ला. चांगला लागला, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

सगळ्यांत मला जाळायचा तो मसाला डोसा. नलू इंग्रज पासपोर्टची, म्हणून इथं तिला ठरावीक दिवशी पोलिसांच्या कचेरीत जाऊन हजेरी लावावी लागे. अप्पा तिला सायकलवर मागं बसवून न्यायचे. तिथं तासन्‌तास बसवत, ती हिरमुसायची, म्हणून परत येताना अप्पा तिला हॉटेलात नेऊन डोसा खाऊ घालायचे. मला हे तिच्या ओढणीला लागलेल्या लोण्याच्या वासावरून कळायचं. एकदा मी जेवताना म्हणून गेले, "पोलिसात जाऊन डोसा मिळत असेल तर मलाही परदेशी करा." आईनं उष्ट्या हातानं माझ्या गालावर ठेवून दिली. "आईबाप जिते असताना परदेशी होतीस? तोंडाला काही हद्द?" नलू नेमकी तेव्हा पाणी भरायला खाली गेली होती. कारण असं की, आमच्या म्हैसूरकडच्या बोलीत, म्हणजे खरं तर कानडीत, परदेशी म्हणजे परक्या देशातला नव्हे. परदेशी म्हणजे ज्याला कुणी नाही तो. आईबाप मेलेलं, दारोदार फिरणारं पोर. तो शब्द उंबऱ्याच्या आत कुणी उच्चारत नसे. मी तो बाहेरच्या मराठीत वापरला होता, गालावर मात्र कानडी अर्थ बसला.

काकांनी तिथं पोचल्यावर अर्ज केले, नकार आले. मग नलूनं रडणं थांबवलं आणि लढायला घेतलं. तिच्यासारखे आणखी काही जण म्हैसुरात अडकलेले होते. त्यात मोंबासाहून आलेले एक गुजराती मास्तर होते. त्यांची बायको तिकडं पोचली होती, पण बायको कुटुंबप्रमुख धरता येत नाही म्हणून तिच्या मागून नवऱ्याला जाता येत नव्हतं. रविवारी दुकान बंद असलं की रंगाच्या डब्यांमध्ये सतरंजी टाकून त्यांची सभा भरायची. चहा मी करायची, चिवडा मी आणून ठेवायची. मास्तर नम्रपणे अर्ज लिहू या, विनंती करू या म्हणायचे. नलू म्हणायची, "विनंती कसली, मास्तर? मी राणीच्या राज्यात जन्मले, पासपोर्टवर राणीची मोहोर आहे. नागरिक म्हणायचं आणि दाराला कडी लावायची, हे काय? अर्धं लुगडं नेसून कुणी घराबाहेर पडतं का? मला पूर्ण नागरिकत्व हवं आणि ते माझं आहे म्हणून हवं." लुगड्याचा दाखला तिनं आमच्याच दुकानातून उचलला होता. अप्पा त्या वाक्यावर मांडीवर थाप मारायचे आणि भट्टीवरच्या माणसांनासुद्धा ऐकवायचे, "केळिदिरा? ऐकलंत ना आमची नलू काय म्हणाली?" त्यानंतर ते इंग्रजीत मजकूर टाईप करून आणायचे, पोस्टात टाकायचे, मद्रासला जाऊन कचेरीच्या दारात दिवसभर उभे राहून यायचे. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते आले नाहीत, कारण त्या दिवशी मद्रासहून कुणी साहेब बंगलोरला येणार होता. साहेब आला नाही. बक्षीस मात्र मी घेतलं, निबंधाचं. विषय होता 'माझा देश'.

आज मी हे लिहिताना हसते, पण तेव्हाचा प्रश्न मला अजून खराच वाटतो. माझं नागरिकत्व जन्मतःच पूर्ण. त्यासाठी कुणी सभा घेतली नाही, एक ओळ टाईप केली नाही, कुणी सायकलवर बसवून कुठं नेलं नाही. जिच्याजवळ काही नव्हतं तिच्यासाठी सगळे धावत होते. जिच्याजवळ सगळं होतं तिच्याकडं बघायचं काय कारण?

मधे आईनं नलूसाठी एक स्थळ आणलं होतं. टी. नरसीपूरचं, नदीकाठी शेती, मुलगा बँकेत. या लग्नात माझा जीव आईपेक्षा जास्त गुंतला होता. मी चामुंडीला नारळ बोलले. टी. नरसीपूर कसं जवळ आहे, बसनं कसं दुपारी जाऊन संध्याकाळी येता येतं, हे मी नलूला दिवसभर सांगत राहिले. पण तिचं इथं लग्न झालं असतं तर तिकडं आईबापांकडं जायचा उरलासुरला दावाही संपला असता. नलू नाही म्हणाली. आई म्हणाली, "मुलीच्या जातीनं इतका हट्ट बरा नव्हे," तर अप्पांनीच आईला गप्प केलं. "ती जाणार ग. तिच्या आईकडं ती जाणार. अष्टे!" अष्टे म्हणजे बस्स, विषय संपला. मी नारळ फोडलाच नाही. देवीनं काम केलं नव्हतं.

मग मी दुसरा मार्ग धरला. तिला घालवता येत नाही तर तिच्यासारखं व्हावं. तिचं बोलणं अप्पांना आवडतं, तर मीही तसं बोलेन. नोड सोडलं, बघ म्हणू लागले. सुम्ने बसचं गप्प बस केलं. सारूला आमटी म्हटलं तेव्हा आईनं वाटी परत घेतली आणि "आमटी पुण्यात मिळते, जा" म्हणाली. मी हटले नाही. नलूचा प्रत्येक शब्द तिच्या अर्थासकट उचलला, जिभेवर घोळवला, आरशासमोर म्हटला. इतकं करून अप्पांना फरक कळला का? एक दिवस म्हणाले, "इंदूचा घसा बसलाय काय ग? आवाज वेगळा येतो." त्याच आठवड्यात त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "पुट्टी, डोळा लाव बा!" मी वरच्या पायरीवर उभी होते. नलू माझ्या बाजूनं खाली गेली. तिनं तुकडा ओलाच नमुन्याशेजारी धरला आणि जुळला म्हणाली. तो जुळला नव्हता, वाळल्यावर तांबूस निघाला. अप्पा हसले आणि पुन्हा बुडवला. मी चुकले असते तर हसले असते का, याचा विचार मी कितीतरी दिवस करत होते.

दसरा आला. ज्यांनी म्हैसूरचा दसरा बघितला आहे त्यांना सांगायला नको की विजयादशमीला हत्तींची मिरवणूक राजवाड्यातून निघून आमच्या रस्त्यानं बन्नीमंटपाला जाते, आणि गावोगावची माणसं सकाळपासून फुटपाथवर चटया टाकून बसतात. आमचं घर म्हणजे फुकटचा सज्जा. त्या वर्षी इंग्लंडच्या संसदेतला कुणी पाहुणा मिरवणूक बघायला येणार अशी बातमी मास्तर घेऊन आले. रविवारच्या सभेत ठरलं की सज्ज्यावरून मोठा कापडी फलक सोडायचा. कापड आमचं, रंग आमचा. वरची इंग्रजी ओळ नलूनं स्वतः लिहिली. मग तिनं मला हाक मारली. "इंदू, खाली कानडीतही लिहू या ना. लोकांनाही कळू दे. 'परदेशी नागरिकांना न्याय द्या' असं लिही. तुझं अक्षर किती सुंदर आहे ग." पहिल्यांदा त्या चळवळीत मला चहाखेरीज काही विचारलं गेलं होतं. मी मांडी घालून बसले, जीभ दातात धरली आणि एकेक अक्षर हातभर उंच काढलं. परदेशी प्रजेगळिगे न्याय कोडि. शब्द बरोबर, वळण बरोबर, एक थेंब सांडला नाही. विदेशी लिहायला हवं होतं. पहिलीतल्या कानडी पोराला कळलं असतं. पण मी महिनाभर नलूचं मराठी चघळून चघळून माझ्या तोंडातली कानडी धुऊन टाकली होती. परदेशी म्हणजे परक्या देशातला, मला दुसरं काही सुचलंच नाही. आईची चापटही आठवली नाही. अप्पा सणाच्या गर्दीत भट्टीपाशी, आईला वाचायला येत नव्हतं, मास्तर गुजराती. सकाळी फलक सज्ज्यावरून सोडला. आम्ही वर, फलकाचं तोंड खाली रस्त्याकडं. आम्हाला दिसत होती ती त्याची उलटी बाजू.

थोड्या वेळानं समोरच्या फुटपाथवरची माणसं माना वर करून बघू लागली. बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. मास्तर खूष झाले, "असर होतो आहे!" म्हणाले. मग दुकानाची कडी वाजली. मी दार उघडलं तर एक म्हातारी, खेड्यातली, डोक्यावर पदर, हातात केळीच्या पानात बांधलेला चिंचेचा भात. "परदेशी कूसु एल्लव्वा?" तिनं विचारलं. पोरकं लेकरू कुठं आहे, बाई? मला सगळं कळलं. मी दार लावून घेणार तोच तिच्यामागं आणखी दोघी, एकीकडं केळ्यांचा घड, दुसरीकडं नेसूचं नवं लुगडं, देवीला न्यायचं म्हणून आणलेलं. त्या मला बाजूला सारून जिना चढून वर आल्या आणि म्हातारीनं नलूला कसं ओळखलं कोण जाणे, सरळ तिच्यापुढं जाऊन बसली. "अय्यो पाप, तिन्नव्वा. खा ग माये." पाप या शब्दाचा अर्थ नलूला आता ठाऊक होता. परदेशीचा नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितला. मला वाटलं, ही आता रागावेल, फलक ओढून घ्यायला सांगेल, सगळ्यांसमोर माझी अब्रू जाईल. तिनं म्हातारीच्या हातून घास घेतला, चावला, आणि मग म्हणाली, "बरोबरच लिहिलंय की."

हत्ती येईपर्यंत आमच्या जिन्यावर बायकांची रीघ लागली होती. एक वार्ताहर वर आला. त्यानं नलूला विचारलं, आईबाप कधी गेले? नलूनं मोडक्या कानडीत उत्तर दिलं, "इद्दारे. इंग्लंडल्लि." आहेत, इंग्लंडात. त्याला आधी हसू आलं, नंतर समजलं. दुसऱ्या दिवशी कानडी पेपरात फोटो आला. मध्ये नलू, भोवती खेड्यातल्या बायका, मांडीवर केळी. वर ठळक अक्षरांत, आईबाप असूनही परदेशी. अप्पांनी तो अंक दुकानात काचेखाली लावला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या नलूनं सुचवलेला शब्द. काय डोकं आहे पोरीचं!" अक्षर कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. आणि मी काय सांगणार होते? शब्द तिचा होता हे खरं, आणि चूक माझी होती हेही खरं. त्या चुकीचं श्रेय मागायला गेले असते तर वेडी ठरले असते. पण त्या चुकीएवढं चांगलं मी त्या वर्षात दुसरं काही केलं नव्हतं, आणि तेसुद्धा नलूच्या खात्यात गेलं.

संसदेतल्या पाहुण्यानं फलक बघितलाच नाही. त्याची गाडी दुसऱ्या रस्त्यानं गेली. पण तो पेपर वसंतकाकांनी लेस्टरला मागवून घेतला. तिथं त्यांच्यासारख्यांची मोठी चळवळ चालली होती. कानडी शब्दाचा अर्थ त्यांनी इंग्रजीत केला, आणि आईबाप जिवंत असताना कायद्यानं अनाथ केलेली मुलगी, असं पत्रक फोटोसकट घरोघर वाटलं. चर्चच्या बायकांनी वाचलं, कुणीतरी संसदेत वाचून दाखवलं. नागरिकत्व, कलम, कोटा हे शब्द तिथं लोकांना झोप आणत होते. या शब्दानं मात्र जाग आली. नलूची फाईल पुन्हा उघडली आणि पावसाळ्याच्या आत मद्रासहून बोलावणं आलं. आई रडली, मास्तर रडले. मीही रडले. माझं रडणं सुटकेचं होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तिला पोचवायला आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. आईनं सारूची पूड बांधून दिली होती, डबाभर. नलू पाया पडली, आईला मिठी मारली, मला मिठी मारली. माझ्या कानात म्हणाली, "आता डोळा तूच लाव." तिला सगळं कळत होतं तर. मला तेव्हा तिचा इतका राग आला की तिचा हात सोडवत नव्हता. गाडी हलली. अप्पा फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले आणि तिथंच उभे राहिले. मी मागून जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यांची छत्री माझ्या हातात. एका हमालानं विचारलं, "मगळु होदळा, सामी?" मुलगी गेली का? अप्पा म्हणाले, "हौदप्पा. नानु परदेशी आगबिट्टे." हो बाबा, मी परदेशी झालो. आईनं ज्या शब्दासाठी माझ्या मुस्काटात दिली होती तोच शब्द, उंबऱ्याबाहेर, कानडी अर्थानं, आणि मी त्यांची छत्री धरून शेजारी उभी. हमालानं माझ्याकडं बघितलं. त्याला काय वाटलं असेल, ही कोण म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून हाक आली, "इंदू, डोळा लाव बा!" मी गेले. तुकडा उन्हात धरला, पूर्ण वाळू दिला, नमुन्याशेजारी ठेवला. जुळला होता, केसभर फरक नव्हता. मी म्हटलं, "नाही जुळला. पुन्हा बुडवा." अप्पांनी पुन्हा बुडवला. मी पुन्हा नाही म्हटलं. दुपारपर्यंत आम्ही दोघं त्या एका तुकड्याशी खेळत बसलो. अप्पांना डोळा नव्हता असं थोडंच आहे. त्यांनीही एकदासुद्धा तो उन्हात नेऊन बघितला नाही.

नलू तिकडं गेली आणि लढतच राहिली. मागं राहिलेल्या विधवांसाठी, वय उलटलेल्या मुलांसाठी, मास्तरांसाठी. मास्तर पोचले तेव्हा त्यांची बायको म्हातारी झाली होती. बर्फात फलक धरून उभी असलेली नलू मी फोटोत बघितली आहे. कितीतरी वर्षांनी कायदा बदलला आणि त्या अर्ध्या पासपोर्टवाल्यांना पूर्ण नागरिकत्व मागता येऊ लागलं, तेव्हा तिनं रडत फोन केला, अप्पांना. अप्पा तेव्हा अंथरुणावर होते. फोन मी त्यांच्या कानाला धरला होता. त्यांना फारसं समजत नव्हतं, पण आवाज ओळखून ते "पुट्टी, पुट्टी" म्हणत राहिले. ते गेले तेव्हा हातात हात माझा होता. नावं मात्र दोघींचीही घेतली नाहीत. तेवढा एक न्याय त्यांनी केला.

आता दुकान नाही, भट्टीच्या जागी मोबाईलवाला आहे. मी वर एकटीच राहते. दसऱ्याला सज्जा भाड्यानं मागायला लोक येतात, मी देत नाही. माझा मुलगा नोकरीसाठी लेस्टरला गेला, कारण तिथं मावशी होती. तो व्हिसावर गेला आणि रीतसर नागरिकही झाला. त्याला कधी कुठल्या दारात उभं राहावं लागलं नाही. दर रविवारी तो नलूकडं जेवायला जातो. ती त्याला सारू करून घालते, माझ्या आईचं सारू, पूडही स्वतः कुटते. तो मला फोनवर सांगतो, "आई, मावशीच्या सारूला जी चव आहे ना..." आणि थांबतो. माझाच मुलगा आहे, थांबायचं कुठं हे त्याला कळतं.

गेल्या रविवारी त्याच्या हातून फोन तिनं घेतला. पंचाहत्तरीला टेकली आहे, आवाज अजून तसाच धुतलेला. म्हणाली, "इंदू, पोराची काळजी करू नकोस हं. मी आहे ना इथं. तो परदेशी नाही." तिनं तो शब्द कानडीत म्हटला होता, मला बरोबर ऐकू आलं. मी म्हटलं, "सरी." बरं. तिकडं ताटं मांडल्याचा आवाज आला, मुलगा हसला, तिनं त्याला पुट्टा म्हणून हाक मारली. मग फोन बंद झाला. तो नाही, हे तिनं सांगितलं. इथं परदेशी कोण, हे तिनं विचारलं नाही.